तक्रार विभागाचा गणपती

कुंडलिक नाखवाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो फोनवर कुणाला तरी विचारत होता, "ते सगळं होईल हो, पण आधी सांगा, जेवलात का?"

पलीकडचा माणूस जेवलेला नव्हता. आमच्या कंपनीचा यूपीएस ऐनवेळी बंद पडल्याने त्याने सकाळपासून टाइप केलेली प्रश्नपत्रिका गेली होती, आणि तो कंपनीच्या मालकाला, मालकाच्या वडिलांना आणि वीज मंडळाला एका दमात शिव्या घालत होता. कुंडलिकने त्या सगळ्या शांतपणे ऐकून घेतल्या, मग म्हणाला, "उपाशी पोटी रक्त तापतं. तुम्ही दोन घास खाऊन घ्या, मी अर्ध्या तासानं परत फोन करतो." आणि त्याने खरोखर फोन केला. ही माझी कंपनीतली पहिली सकाळ होती. मला वाटलं, हा माणूस इथे फार दिवस टिकायचा नाही. पुढे कळलं की तो कंपनी निघाल्यापासून तिथेच होता.

कंपनी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये होती. वीज गेली की कॉम्प्युटर थोडा वेळ चालू ठेवणारी पेटी, म्हणजे यूपीएस, आम्ही बनवायचो. मालक त्र्यंबकराव नौपाड्यातले. हौशी माणूस. त्यांनी पेटीला नाव दिलं होतं 'अखंडज्योत'. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. त्या नावाने ग्राहक जास्तच चिडायचे. नुसता 'यूपीएस' बंद पडला असता तर त्यांनी सोसलंही असतं, पण अखंडज्योत सारखी विझलेली कोण सहन करील?

मी शालू टिपणीस, डोंबिवलीची. मी त्या कंपनीत कॉम्प्युटर विभाग होते. विभागात काम करत होते असं म्हणत नाही, कारण विभागात दुसरं कुणी नव्हतंच. मला एक खोली होती, खोलीत एक युनिक्सचं मशीन होतं, आणि एसी होता. एसी मशीनसाठी होता, मला त्याचा वारा फुकट मिळायचा. त्या मशीनला जोडलेला यूपीएस दुसऱ्या कंपनीचा होता. त्यावर आम्ही टेबलक्लॉथ टाकून वर फुलदाणी ठेवली होती. बाहेरचं कुणी आलं की त्र्यंबकराव फुलदाणीसमोर उभे राहायचे.

कुंडलिक माझ्या खोलीबाहेरच्या टेबलावर बसायचा. मूळचा बाळकुमचा, खाडीकाठचा कोळी. आधी बेंचवर यूपीएस तपासायचा, मग तक्रारींच्या फोनवर बसवला, कारण त्याच्याशी कुणाला फार वेळ भांडता येत नसे. तो कधी 'नाही' म्हणायचा नाही. 'बघू', 'करू', 'होऊन जाईल', आणि त्याआधी मुलाबाळांची चौकशी. फारच संतापलेल्या ग्राहकाकडे माणूस पाठवायचा झाला तर तो त्याच्याबरोबर घरून आणलेल्या सुक्या जवळ्याची पुडी द्यायचा. एकदा एका शाकाहारी वकिलांकडे अशी पुडी गेली आणि प्रकरण वाढलं. पण बाकीचे लोक यूपीएस सुधारला की नाही ते सोडून पुढचा जवळा कधी येणार, हे विचारायला फोन करायचे. मला अशा माणसांचा राग येतो. आम्ही नियमाने वागतो, वेळेवर काम करतो आणि आमची कुणाला आठवण राहत नाही. हे लोक सुकी मासळी वाटतात आणि अमर होतात.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली आहे, ईमेल नवीन होतं तेव्हाची. मोडेम दिवसातून काही वेळा कोकलायचा, मुंबईला फोन लावायचा आणि आमचं टपाल घेऊन यायचा. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर त्यांच्याकडेच आमचे यूपीएस, त्यामुळे ईमेल करणारे लोक आम्हाला इतरांच्या आधी भेटले, आणि सगळे चिडलेले भेटले. त्र्यंबकराव एका प्रदर्शनाहून आले ते डोक्यात नवीन खूळ घेऊनच. परदेशात म्हणे ग्राहकाने पत्र धाडलं की माणूस जागेवर असो नसो, कॉम्प्युटरच उत्तर देतो.

"शालू, आपल्याकडे हे होईल?" त्यांनी विचारलं.

होणार होतं. युनिक्समध्ये 'व्हेकेशन' नावाचा एक छोटा प्रोग्राम असतो. सुट्टीवर जाणाऱ्या माणसाने आपल्यामागे ठेवायचा निरोप्या. एका फाइलमध्ये निरोप लिहून ठेवायचा, की येणाऱ्या प्रत्येक पत्राला मशीन तो परस्पर पाठवून देतं. कुणाला उत्तर गेलं हे लक्षातही ठेवतं आणि त्याच माणसाला आठवडाभर पुन्हा पाठवत नाही. मी तक्रारींच्या पत्त्यावर तो बसवला. त्र्यंबकरावांनी घरून पत्र पाठवलं, उत्तर आलं, ते इतके खूश झाले की त्यांनी मशीनला आभाराचं पत्र पाठवलं. त्याला उत्तर आलं नाही तेव्हा मला बोलावून म्हणाले, "बिघडलं वाटतं."

मी आठवड्याची भानगड समजावून सांगितली. त्यांचा चेहरा पडला. शेजारी उभा असलेला कुंडलिक मात्र मान डोलवत म्हणाला, "बरोबरच आहे साहेब. एकदा बोलावणं केलं की परत परत करायचं नसतं."

तेव्हा त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळायला हवं होतं असं कुणी म्हणेल. मी काही मनकवडी नाही.

कुंडलिकच्या घरी गणपती यायचा, दीड दिवसाचा, आणि तोच त्याच्या आईच्या जिवाला घोर होता. त्याचं कारण जुनं होतं. नाखव्यांचा गणपती एक, तो थोरल्या घरात बसायचा आणि सगळी भाऊकी तिथे जमायची, अशी त्यांची रीत. कुंडलिकचे वडील धाकटे. कधीतरी भावाशी बिनसलं आणि त्यांनी तिरीमिरीत स्वतःच्या घरी वेगळा गणपती आणला. एकदा आणलेला देव बंद करता येत नाही. भाऊकीला ते आवडलं नाही. तोंडावर कुणी बोललं नाही, पण दर्शनाला यायचं बंद झालं. थोरल्या घराचा गणपती आता चुलतभाऊ परशुराम बघायचा. त्याच्या अंगणात मांडव, मांडवात लाउडस्पीकर, आणि जेवणावळी. असतील शिते तर जमतील भुते. इकडे चार घरं सोडून कुंडलिकच्या घरी आरतीला तो, बायको शेवंती, मुलगी जनी आणि आई मनुबाई, एवढेच. त्यात तेच दिवस आमच्याकडे तक्रारींच्या सुगीचे. पाऊस, वीज जाणं आणि अखंडज्योत. कुंडलिक सकाळी मूर्ती बसवून अकरापर्यंत कामावर हजर व्हायचा. म्हणजे आरतीला कधीकधी तीनच.

हे सगळं मला त्याने त्या वर्षी श्रावणात सांगितलं. डबा उघडून बसला होता आणि जेवत नव्हता, म्हणून मीच विचारलं.

"आई म्हणते, या वर्षी आरतीला घरात माणसं आली नाहीत तर पुढच्या वर्षी गणपती आणायचा नाही," तो म्हणाला. "परशाकडे जाऊन सांगणार आहे, आमचा देव तुमच्यात मिळवून घ्या. स्वतः जाऊन. म्हणजे ती त्यांच्या ओट्यावर चढणार, शालूताई. बाबा गेल्यापासून चढली नाही."

"मग तुम्ही लोकांना बोलवा ना, दादा."

"कुणाला? आळीतले सगळे परशाकडे. आणि मी बोलवून घरी नसेन तर काय उपयोग?"

मग त्याने माझ्या खोलीच्या काचेतून त्या मशीनकडे पाहिलं. "हे मी नसताना बोलतं ना?" त्याने विचारलं.

त्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदा गणपतीची पुरती रजा मागितली, आणि मशीन उत्तर द्यायला बसलंय म्हटल्यावर त्र्यंबकरावांनी ती दिली. रजेपुरता निरोप बदलायचा होता. मी इंग्रजीत दोन ओळी लिहून दिल्या. आपली तक्रार मिळाली, तिची दखल घेतली जाईल. मी रजेवर आहे, सोमवारी परत येईन. खाली नाव. झालं.

कुंडलिकने ते वाचलं. परत वाचलं. "यात कारण नाही," तो म्हणाला.

"कारण कशाला हवं?"

"नुसतं रजेवर म्हटलं तर माणूस काळजीत पडेल. आजारी आहे का, घरात काही झालं का. गणपती आहे म्हणून रजेवर, एवढं लिहू या."

लिहिलं. त्याने पुन्हा वाचलं आणि पुन्हा हनुवटी खाजवली. "आता हे बरं दिसत नाही. आमच्या घरी गणपती आहे असं सांगायचं आणि दर्शनाला या म्हणायचं नाही? असं कोण करतं?"

"दादा, हे ग्राहकांना जाणार आहे."

"मग? ग्राहकांना गणपती चालत नाही?"

मी रोमन अक्षरांत 'दर्शनाला सहकुटुंब यावे' अशी ओळ घातली. माझं म्हणणं साधं होतं. आपल्याकडे 'या' म्हणायची पद्धत आहे, यायची नाही. डोंबिवलीत माझ्या इमारतीतले सगळे जण एकमेकांना वर्षानुवर्षं 'या एकदा' म्हणताहेत आणि त्यामुळेच संबंध चांगले आहेत. पण कुंडलिक तिथेही थांबला नाही.

"या म्हटलं आणि घर कुठं ते सांगितलं नाही, म्हणजे ते बोलावणं खोटं झालं," तो म्हणाला आणि पत्ता सांगू लागला. बाळकुम नाक्यावर उतरायचं, नाखव्यांची आळी विचारायची, परशुरामच्या मांडवाला भुलायचं नाही, तसंच पुढे खाडीच्या बाजूला यायचं, दारात जाळी वाळत घातलेलं घर. मी टाइप करत गेले. त्याच्या आग्रहाने 'प्रसाद घेतल्याशिवाय जाऊ नये' हेही घातलं. सगळं झाल्यावर निरोप असा झाला की वरती तक्रार मिळाल्याचं आणि तिची दखल घेतली जाईल हे वाक्य, आणि खाली बाळकुमच्या एका घराचा खाणाखुणांसह पत्ता.

तक्रारीची दखल घेतली जाईल, आणि खाली पत्ता. याचा अर्थ तक्रार असलेला माणूस काय घेईल, हे सांगायला ज्योतिषी नको. पण आमच्यापैकी कुणाची तक्रार नव्हती, त्यामुळे आम्हाला तो दिसला नाही.

मलाही तोंडी बोलावणं होतं. पहिल्या दिवशी दुपारी मी नारळ, दूर्वा आणि पेढे घेऊन बाळकुमला गेले. माझी कल्पना अशी की थोडा वेळ बसावं, मनुबाईंना बरं वाटेल, आरतीला एक डोकं वाढेल, आणि दिवेलागणीच्या आत डोंबिवली गाठावी. परशुरामच्या मांडवात लाउडस्पीकर इतक्या जोरात होता की त्याला भुलू नका हे सांगायची गरजच नव्हती, लोक आपोआप कान झाकून पुढे जात होते. मी जाळीचं घर शोधत गेले आणि ओट्यापाशी थबकले.

ओट्याखाली चपलांची रांग होती. आणि चपलांच्या शेजारी, तितक्याच शिस्तीत, आमच्या यूपीएसची रांग होती. अखंडज्योत, अखंडज्योत, अखंडज्योत. काही गोणपाटात बांधलेले, एकाला पावसाची म्हणून प्लॅस्टिकची टोपी.

आत कुंडलिक सोवळ्यातच बसून, मांडीवर एक यूपीएस उघडा घेऊन, स्क्रू फिरवत होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती आणि आनंद यांचं असं काही मिश्रण होतं की मला त्याची चौकशी करवेना.

"शालूताई," तो हळूच म्हणाला, "आलेत."

सगळ्यात आधी आला होता तानाजी. कोपरला स्टेशनजवळ याचा डीटीपीचा धंदा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल. गणपतीच्या तोंडावर याचं काम दुप्पट आणि यूपीएस ठप्प. रागाने तो धगधगत होता. त्याला वाटलं होतं कंपनीने बाळकुमला सर्व्हिस सेंटर काढलं. कल्याणहून बाबुराव आले होते. कॉम्प्युटर क्लासवाले, निवृत्त शिक्षक, आवाज वर्गातला. त्यांनी टेम्पो करून क्लासमधले सगळेच यूपीएस आणले होते. नौपाड्यातल्या दातांच्या डॉक्टर नंदा मात्र नवरा, सासू आणि मुलांना घेऊन आल्या होत्या, कारण त्यांनी निरोप जसा होता तसा वाचला होता. "इतकं अगत्यानं बोलावलं, तेही तक्रार केल्यावर दुसऱ्या क्षणाला," त्या मला म्हणाल्या. "मला माझ्या दिरानं सुद्धा इतकं बोलावलेलं नाही." त्यांचा यूपीएस गाडीच्या डिकीत होता. आलोच आहोत तर, म्हणून आणलेला. त्याशिवाय आणखी माणसं होती, येत होती, आणि मोडेम तिकडे वागळे इस्टेटमध्ये बोलावणी करतच होता.

आता तानाजीने आल्या आल्या कुंडलिकची गचांडी कशी धरली नाही, ते मला नंतर कळलं. तो तावातावाने दारात आला, 'कुठाय तो नाखवा' म्हणून ओरडणार, इतक्यात मनुबाई बाहेर आल्या. नऊवारी, नाकात मोठी नथ, हातात पाण्याचा तांब्या.

"या या, लांबशी आयलाव," त्या म्हणाल्या. "पाय धुवा. बाप्पा वाट बघतंय."

माणूस कितीही भांडायला आलेला असो, समोर म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिली तर आधी पाय धुवावे लागतात. पाय धुतले की आत जावं लागतं. आत गेलं की नमस्कार. नमस्कार केला की हातावर प्रसाद. आणि तोंडात मोदक असताना कुणालाही वाईट बोलता येत नाही. तानाजीने तीन वेळा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा मनुबाईंनी त्याच्या हातावर मोदक ठेवला.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण मनुबाईंची समजूत अशी झाली की ही माणसं गणपतीला काहीतरी घेऊन आली आहेत. कुणी नारळ आणतं, कुणी केळी, ही कंपनीतली मानसा, त्यांनी यंत्रं आणली. बाहेर चपलांपाशी ठेवलेलं त्यांना बघवेना. त्यांनी जनीला लावून सगळे यूपीएस आत आणवले, मखराच्या दोन्ही अंगांना मांडले, आणि प्रत्येकाला हळद-कुंकू लावून वर एकेक जास्वंद ठेवलं. बंद पडलेली अखंडज्योत गणपतीसमोर कुंकू लावून बसलेली बघून बाबुरावांनी हात जोडले. आता मागणार काय आणि परत नेणार कसं?

"आई, ते दुरुस्तीला आणलेत," कुंडलिक कळवळून म्हणाला.

"मंग? बाप्पासमोर बस आनि कर दुरुस्त," मनुबाई म्हणाल्या. "विघ्नहर्ता हाय ना तो?"

तो बसून करत होता. बहुतेकांचं दुखणं बॅटरीची वायर सैल होण्याचं होतं. तानाजीच्या यूपीएसमध्ये मात्र त्याला काहीच सापडेना. त्याने तो भिंतीतल्या बोर्डाला लावला, मखराच्या दिव्यांची माळ त्याच्यावर जोडली आणि म्हणाला, "जरा चालवून बघू. तोवर आरती करू."

संध्याकाळच्या आरतीला घर भरलं होतं. मी मोजलं नाही, पण मला आत जागा मिळाली नाही आणि मी उंबऱ्यावर एक पाय आत, एक बाहेर अशी उभी होते. कुंडलिकच्या हातात तबक होतं. शेवंतीने झांजा कुणाला द्यायच्या म्हणून इकडेतिकडे पाहिलं, कारण त्या घरात झांजा वाजवायला कधी कुणी उरलंच नव्हतं. तानाजीने त्या घेतल्या. आणि मग कळलं की तानाजीचा आवाज भांडणासाठी बनलेलाच नव्हता. कोपरच्या भजनी मंडळात तो मुख्य होता. बाबुरावांनी वरची पट्टी धरली, डॉक्टरीणबाईंच्या सासूबाईंनी टाळ्यांचा ठेका. चिडलेल्या माणसांमध्ये केवढा दम असतो, तो वाया कसा जातो, हे मला त्या दिवशी समजलं.

दुसऱ्या आरतीला वीज गेली.

सगळ्या बाळकुमची गेली. परशुरामचा लाउडस्पीकर मध्येच गिळल्यासारखा गप्प झाला, मांडव काळोखात बुडाला. आमच्याकडे आधी बोर्डाला लावलेला यूपीएस एकदम पिपाणीसारखा वाजू लागला, ही वीज गेल्याची त्याची बोंब. पण मखराची माळ विझली नाही. तानाजीच्या यूपीएसवर ती झगझगत होती आणि गणपती तेवढ्याच उजेडात लख्ख दिसत होता.

तानाजीने झांजा थांबवल्या. "हा चालतोय?" तो म्हणाला. त्याला खूप वाईट वाटलं. "माझ्याकडं तर दोन मिनिटं टिकत नाय हा."

कुंडलिक त्याच्या कानाशी वाकला आणि हळूच विचारलं, "लेझर प्रिंटर पण यावरच लावलाय काय? तो एकटाच बॅटरी पिऊन टाकतो."

तानाजी गणपतीकडे बघत राहिला. मग त्याने झांजा उचलल्या आणि मघापेक्षा जोरात आरती सुरू केली. यूपीएसची पीपी त्या तालात कधी मिसळली आणि कधी नाही, पण कुणाला तिची अडचण वाटेना.

काळोखात एकच घर उजळलेलं आणि त्यातून एवढा गजर, म्हटल्यावर आळी बाहेर आली. परशुरामच्या मांडवातले लोक आधी ओट्याशी आले, मग खिडकीशी, मग टाळ्या वाजवायला लागले. आरतीला उभं राहिलेल्या माणसाला आरती संपेपर्यंत हलता येत नाही, त्यामुळे ते अडकले. शेवटी परशुराम स्वतः आला. जाडजूड माणूस, गळ्यात साखळी, हातात विझलेली बॅटरी. त्याने माझ्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं. दातांच्या डॉक्टरीणबाई, कल्याणचे मास्तर, झांजा कुटणारा अनोळखी माणूस, आणि मखराभोवती फुलं वाहिलेल्या लोखंडी पेट्या.

आरती संपली, माळही तेव्हाच विझली आणि शेवंतीने समई पुढे केली. परशुराम दारातूनच म्हणाला, "काकी, ही कोन मानसा?"

मनुबाईंनी वळून पाहिलं. इतक्या वर्षांत तो त्यांच्या दारात आला नव्हता. मला वाटलं आता त्या काहीतरी लागेल असं बोलणार, कारण मी असते तर बोलले असते. पण त्या सरळ त्याच्याकडे गेल्या आणि त्याच्या हातावर प्रसाद ठेवला.

"कुंडल्याची मानसा हायेत," त्या म्हणाल्या. "तू पन ये. पाय धू."

परशुरामने पाय धुतले. त्याला बसायला जागा नव्हती म्हणून तो एका यूपीएसवर बसू लागला, तशा मनुबाई ओरडल्या की ते बाप्पाचे आहेत.

दुसऱ्या दिवशी विसर्जनाला मी गेले नाही, ऐकलं मात्र सगळं. गणपती नाखव्यांच्या होडीतून खाडीत गेला, होडी परशुरामने वल्हवली, आणि तानाजी दुकान बंद ठेवून पुन्हा आला होता. यूपीएस त्याने रात्रीच नेला होता, तेव्हा दुसऱ्या दिवशी येण्याचं काही कारण नव्हतं.

सोमवारी त्र्यंबकरावांनी कुंडलिकला आत बोलावलं. निरोपाचा कागद त्यांच्या हातात होता. काचेच्या दारातून मला सगळं ऐकू येत होतं, आणि नसतं आलं तर मी दाराजवळ गेले असते.

"कंपनीच्या पत्त्यावरून घरची आमंत्रणं? नाखवा, अहो ही कंपनी आहे का मंगल कार्यालय?"

"साहेब, तुम्ही पण शनिवारी मशीन तपासायला पत्र टाकलेलं ना?"

"टाकलं होतं."

"म्हणजे तुम्हाला पण बोलावणं गेलेलं. मग आला का नाहीत? आई विचारत होती, साहेब आले नाहीत म्हणून."

त्र्यंबकरावांनी कागदाची घडी घातली. मग त्यांनी मला हाक मारून हुकूम सोडला की यापुढे निरोपात फक्त तक्रार मिळाली एवढंच जाईल, एक अक्षर जास्त नाही. मी त्याप्रमाणे केलं. मला नियम आवडतात, हे मी आधी सांगितलंच आहे.

पुढचं वर्ष उजाडलं. बॅटरीच्या वायरीची खोड काढून टाकल्यामुळे अखंडज्योत बऱ्यापैकी अखंड राहू लागली. तक्रारी घटल्या, त्र्यंबकराव फुलदाणीपासून जरा लांब उभे राहू लागले. कंपनीत सगळे खूश होते, एक कुंडलिक सोडून. श्रावण लागला तसा तो रोज सकाळी येऊन माझ्या खांद्यामागे उभा राही.

"किती आल्या आज?"

"एकच. तीही चार्जरची."

"कसं होणार," तो म्हणायचा आणि डब्याशी जाऊन बसायचा. परशुरामचं येणं-जाणं सुरू झालं होतं, आळीतलेही येणार होते. पण मनुबाई रोज विचारत होत्या, कंपनीतली मानसा येनार ना? आणि त्याला त्यांना सांगता येत नव्हतं की ती कंपनीतली माणसं नव्हतीच, आणि आता त्यांना यायला काही निमित्तही नाही. फोन करून बोलवा, असं मी सुचवलं. तो म्हणाला, "काय सांगू? तुमचा यूपीएस बरा आहे, तरी या? त्यांना वाटेल काहीतरी विकतोय."

गणपतीच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी मोडेम कोकलला आणि तक्रारींच्या पत्त्यावर एक पत्र पडलं. कोपरच्या तानाजीचं. मी उघडून वाचलं आणि कुंडलिकला हाक मारली. पत्रात लिहिलं होतं, माझा यूपीएस उत्तम चालू आहे. तक्रार वेगळी आहे. यंदा अजून बोलावणं आलेलं नाही.

दुपारी बाबुरावांचं आलं. तक्रार तीच. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचं. सासूबाई विचारताहेत, काही चुकलं का आमचं? प्रत्येक पत्राला मशीन हुकमाप्रमाणे परस्पर उत्तर देत होतं, आपली तक्रार मिळाली, तिची दखल घेतली जाईल.

कुंडलिकने ती तिन्ही पत्रं छापून घेतली आणि घडी घालून खिशात ठेवली. डोळे पुसायला त्याने माझ्या टेबलक्लॉथचं टोक उचललं आणि खालचा दुसऱ्या कंपनीचा यूपीएस उघडा पडला, पण मी त्याला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी विचारलं, "आई काय म्हणाल्या?"

"काही नाही," तो म्हणाला. "मला परत गिरणीवर पाठवलं. म्हणाली, मोदकांना तांदूळ कमी दळून आणलेस."